नाव न घेता

लिफ्टचं दार मिटत आलं होतं. मिरानने संत्र्यांची पेटी कमरेवर टेकवली, मोकळा हात फटीत घातला आणि दार पुन्हा उघडल्यावर आत शिरली. आत लेकीच्या शाळेतल्या सेबिनची आई होती.

"अगंबाई, सावकाश! हात चेंगरेल ना. एवढी मोठी पेटी कुणाला?"

"सासूबाईंना," मिरान म्हणाली.

सासूबाईंची साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी त्यांना संत्री बंद केली होती. पण सेबिनच्या आईला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"सून असावी तर अशी. मी सासूबाईंना नुसता फोन केला तरी त्या विचारतात, चुकून लागला का म्हणून." ती स्वतःच हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, कळलं का? मागच्या गल्लीतल्या म्हातारीने पाटी लावली. दुकान भाड्याने देणे आहे. सुटलो बाई एकदाचे. आणि सगळं तुमच्यामुळे हं."

"माझ्यामुळे कसं?"

"आता लाजू नका. तुमच्या त्या पोस्टनंतर तर सगळ्यांचे डोळे उघडले."

"मी कुणाचं नाव नव्हतं घेतलं."

"तेच तर कौतुक! मी असते तर नावपत्त्यासकट लिहून मोकळी झाले असते आणि आज पोलीस स्टेशनच्या बाकावर बसले असते. तुम्ही नाव न घेता बरोबर पोचवलंत." लिफ्ट तळमजल्यावर थांबली. "फक्त ती पोस्ट काढून का टाकलीत हो? माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे म्हणा. हवा असला तर सांगा, लगेच पाठवते."

मिरान 'नको' म्हणाली. सेबिनची आई गाडी काढायला गेली आणि मिरान पेटी घेऊन दाराशी तशीच उभी राहिली. वोन्जू शहराची थंडी कोरडी, नाकात सुई टोचावी तशी टोचत होती. पेटी इथेच कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवावी आणि गुपचूप वर निघून जावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण हात रिकामे करून परत जायचं तर घरी जाऊन करायचं काय? पाटी तिने कालच पाहिली होती; पेटी आणली होती ती त्यानंतरच. ती चालू लागली.

गोष्ट नोव्हेंबरातली. घरोघरी वर्षाची कोबीची किमची घालायची घाई चालली होती आणि मिरानचे हातही मिरचीने लाल झालेले होते, तेव्हा तिची लेक दाउन शाळेतून आली ती पोट धरूनच. मग उलट्या सुरू झाल्या. पोर पांढरीफटक पडली. दवाखान्यात तिला सलाईन लावलं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मिरानने फोन उघडला. काळजी होतीच, पण त्याहून जास्त संताप होता. शाळा सुटल्यावर काय खाल्लं होतंस, असं तिने दाउनला विचारलं होतं आणि दाउनने सांगितलं होतं.

गावातल्या आयांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर पहिलाच नियम ठळक अक्षरांत लावलेला आहे: दुकानाचं, शाळेचं, माणसाचं नाव लिहू नये. या देशात खरं लिहिलं तरी बदनामीचा गुन्हा लागू शकतो, हे तिथल्या प्रत्येक आईला पोराच्या लशींच्या तारखांसारखं पाठ असतं. त्यामुळे नाव कुणी घेत नाही. नाव सोडून बाकी सगळं लिहितात आणि मग नाव शोधायचं काम वाचणाऱ्यांवर सोडून देतात. मिरानने लिहिलं, 'शाळेमागच्या गल्लीतलं खाऊचं दुकान', आणि पोरीच्या हाताला लावलेल्या सुईचा फोटो टाकला.

गल्लीत खाऊची दुकानं दोनच. एक कोपऱ्यावरचं, नवं, काचेचं, चकचकीत. दाउनने त्या दिवशी खाल्लं होतं ते तिथे. दुसरं गल्लीत आत, सुंदोक मावशीचं. तिला मावशी सगळेच म्हणायचे, पोरंही आणि त्यांच्या आयाही.

पहिलीच कमेंट आली: 'म्हातारीचं ना? मला वाटलंच होतं.'

मिरानने ती वाचली. 'नाही, ते नव्हे,' असं लिहायला तिने सुरुवात केली आणि बोट थांबलं. ते नव्हे म्हटलं की उरतं एकच दुकान; म्हणजे नाव घेतल्यासारखंच. कोपऱ्यावरच्या मालकाने मागच्या वर्षी एका आईला पोलिसांपुढे खेचलं होतं, का, तर तिने 'सूप पाणचट' असं लिहिलं होतं. मावशी कुणाला खेचणार? तिला फोनवर बोलण्यापलीकडे काही येत नाही. मिरानने हा विचार शब्दांत केला नव्हता, पण केला होता. तिने लिहिलेलं पुसलं आणि नवीन लिहिलं, 'नाव नाही घेऊ शकत, समजून घ्या,' आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं.

सगळ्यांनी समजून घेतलं. मग काय, एकेकीला एकेक आठवायला लागलं. कुणाला केस सापडला होता, कुणी तिला खोकताना पाहिलं होतं, कुणाच्या जावेने म्हणे उरलेलं परत भांड्यात टाकताना पाहिलं होतं. इतकी वर्षं तिथे खाऊनपिऊन पोरं वाढली, हे मात्र कुणालाच आठवलं नाही. दोन-तीन दिवसांत शाळेकडून निरोप आला: वर्गात पोटाचा संसर्ग पसरला आहे, निम्मी मुलं घरी आहेत, हात धुवायची सवय लावावी. म्हणजे हे दुकान नाही आणि ते दुकानही नाही. मिरानने तिथल्या तिथे पोस्ट काढून टाकली. काढली म्हणजे मिटलं, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला तसं वाटून घ्यायचं होतं.

मिटलं काहीच नव्हतं. पोस्टचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत राहिले आणि मावशीच्या दुकानासमोरून जाताना आया पोरांचे हात घट्ट धरू लागल्या.

"अहो, मी जाऊन त्यांना सांगून येऊ का?" तिने नवऱ्याला विचारलं होतं. सांगचोल मोजे घालत होता.

"काय सांगणार?"

"की मी लिहिलं. आणि चुकीचं लिहिलं."

"तुला मार्चमध्ये शाळेत रुजू व्हायचंय. पोरं सांभाळायची नोकरी आहे ती, आधी पोलिसांकडून चौकशी करतात. गुन्हा नोंदला तर गेली समज. इतकी वर्षं घरी बसून, पोर झोपली की अभ्यास करून मिळवलीस ना?" त्याने दुसरा मोजा चढवला. "मी विचारलं मामेभावाला, तो वकिलाकडे आहे कामाला. तो म्हणाला, माफी मागायला गेली की झाली कबुली. तू नाव घेतलेलं नाहीस. पोस्ट काढलीस. आता अळीमिळी गुपचिळी."

"आणि मावशीचं काय?"

"वय झालंय त्यांचं. आज ना उद्या बंद करणारच होत्या." हे बोलताना त्याने मान वर केली नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला बायकोची काळजी होती, इतकंच.

आज सांगचोल कामावर होता, दाउन शाळेत होती आणि मिरानला कुणाला काही विचारायचं नव्हतं. वाटेत ती दोन वाक्यं घोकत होती. मावशी, ती पोस्ट मी लिहिली होती. तुमच्या दुकानाचा त्यात काही संबंध नव्हता. झालं. एवढं बोलून खाली मान घालून उभं राहायचं. मग मावशी शिव्या घालो की पेटी अंगावर फेको. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर पोरांची रांग होती. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

मावशीच्या दुकानाचं सरकतं दार मध्येच अडलं.

"जरा उचलून ओढ!" आतून आवाज आला.

आत एकही गिऱ्हाईक नव्हतं, तरी पसरट भांड्यात तोकबोकी, तिखट रश्शातले तांदळाच्या पिठाचे तुकडे, लालभडक रटरटत होती, अगदी काठोकाठ. शेजारच्या कढात माशाच्या वड्यांच्या काड्या भिजून भिजून फुगल्या होत्या. सुंदोक मावशीने झारा बाजूला ठेवला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"दाउनची आई! बघ, मी म्हणतच होते, ही कशी विसरेल. ये, स्टोव्हजवळ बैस. हे काय आणलंस?"

"संत्री आहेत, मावशी. जेजू बेटावरची."

"वेडी की खुळी! मी काय आजारी आहे? का दुकान मेलं म्हणून भेटायला आलीस?" ती मोठ्याने हसली, आणि हसता हसताच पेटी उचलून तिने फळीवर जपून ठेवली.

मिरान उभीच होती. "मावशी, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की."

"नोव्हेंबरात दाउन आजारी पडली होती."

"अगं आई! काय झालं होतं पोरीला?"

"उलट्या. पोट बिघडलं होतं. आता बरी आहे. पण त्या वेळी मी—"

"बरी आहे ना? मग बास झालं. पोर आजारी पडली की आईचं डोकं ठिकाणावर राहतं का? माझ्या पोरीच्या वेळी मी डॉक्टरलाच शिव्या घातल्या होत्या, तो बिचारा औषध देत होता तरी." मावशीने तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. "थंडीतून आलीस, आधी दोन घास खा. रिकाम्या पोटी मोठं बोलू नये."

मिरानचं वाक्य तिथेच तुटलं. मावशीने बशीत तोकबोकी वाढली, वर कढातली वडी ठेवली, टोचायची काडी दिली. एरवी ती वाढलं की लगेच पाठ वळवायची, तिला सतरा कामं असायची. आज ती डागाळलेल्या एप्रनला हात पुसत समोरच उभी राहिली.

"मलाही तुला काहीतरी विचारायचंय," ती म्हणाली. "बरं झालं तूच आलीस."

मिरानने काडी हातात धरून ठेवली.

"गिऱ्हाईक का तुटलं, मला काही कळेना. पोरं दारावरून जातात, मी हाक मारली तर खाली बघतात. एकाने तर सांगितलं, आई नको म्हणते. का नको म्हणते? तर पळून गेला." मावशीने समोरचं टेबल उगाचच पुसलं. "माझा भाचा आहे ना, घरं भाड्याने लावून देतो तो, तो म्हणतो, इंटरनेटवर कुणीतरी तुझ्याविषयी घाण लिहिलीय. पोलिसात तक्रार दे, चार दिवसांत हुडकून काढतील. कागद तयार करून बसलाय. मी नुसतं जाऊन सहीचा शिक्का उमटवायचा."

स्टोव्हवरचा कढ खदखदत होता.

"पण मी त्याला म्हटलं, थांब जरा. मी कुणाचं काय घोडं मारलंय, की कुणी बसून माझ्याविषयी लिहील? माझ्या मनात वेगळंच येतं." मावशी पुढे वाकली. "माझ्या आईच्या हाताला अशी चव होती, की सणावाराला अख्ख्या गावातल्या बायका भांडी घेऊन आमच्या दारात. म्हातारपणी तिच्या जिभेची चव गेली. आणि तिला पत्ताच नाही! दोन-दोनदा मीठ घालायची. आम्ही सगळे तोंड वाकडं न करता गिळत होतो. आईला कोण सांगणार? मरेपर्यंत तिला कळलं नाही. मला वाटतं, माझंही तेच झालंय."

"नाही हो, मावशी."

"खाल्लं नाहीस आणि नाही म्हणतेस? हेच ते! पोरीला बुसानला डबा पाठवला, ती म्हणते, आई, झकास. ती म्हणणारच, मीही माझ्या आईला तेच म्हणायचे. भाचा म्हणतो, झकास. त्या मेल्याला रोज फुकट मिळतं, तो काय म्हणणार?" ती हसली, पण या वेळी हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तू परकी आहेस. आणि तुझ्या जिभेला माझ्या हातचं ठाऊक आहे, तुझी पोर बालवाडीत होती तेव्हापासून. तू सांग. खरं सांग. चव होती तशीच असेल, तर भाचा म्हणतो तेच खरं. मग आज संध्याकाळीच जाते, शिक्का मारते, आणि बघते कोण ती भवानी. उभा जन्म गेला माझा या शेगडीपाशी. पण माझाच हात गेला असेल, तर कुणाच्या लेकीसुनेला उगाच पोलिसात कशाला ओढायचं? गुमान दार लावते आणि पोरीकडे जाते."

मिरानने एक तुकडा काडीला टोचला आणि तोंडात घातला.

आधी गोड, मग तिखट, आणि त्याच्या मागून वर्षभर मुरलेल्या घरच्या मिरचीच्या वाटणाची ती ओळखीची, दाट चव. तशीच होती. दाउनने पहिल्यांदा खाऊन तिखटाने नाचत नाचत पाणी मागितलं होतं आणि पुन्हा बशी पुढे केली होती, तेव्हाची तीच. तसूभरही फरक नव्हता. मिरानचे डोळे भरून आले.

"तिखट झालंय का?"

"नाही."

मावशी निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखी तिच्या तोंडाकडे बघत होती. घोकलेली दोन्ही वाक्यं मिरानच्या ओठांवर होती. चव तशीच आहे, मावशी, एवढं म्हटलं तरी पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं. आणि ती नसती बोलली, तरी चार दिवसांनी पोलीस बोलले असते. तिने काडी बशीच्या कडेला ठेवली. कागदी रुमाल घेऊन तोंड पुसलं. रुमालाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, अगदी नखाएवढी होईपर्यंत.

"मावशी," ती म्हणाली. "थोडं..."

"बोल बाई. मन घट्ट करूनच विचारलंय मी."

"थोडं खारट लागतंय."

मावशीने वळून झाऱ्याने थोडा रस घेतला, फुंकर घातली आणि जिभेवर घोळवला, डोळे मिटून. पुन्हा एकदा घेतला. पुन्हा घोळवला.

"मला तर बरोबर लागतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "बघ. म्हणजे गेलीच की."

तिने स्टोव्ह बंद केला. रटरट थांबली आणि दुकान एकदम शांत झालं. मावशी समोरच्या स्टुलावर बसली. या दुकानात तिला बसलेलं मिरानने कधीच पाहिलं नव्हतं.

"बरं झालं तू सांगितलंस. एवढी माणसं येऊन गेली, कुणाचा धीर झाला नाही. तुझाच झाला." तिने मिरानचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात खरखरीत आणि गरम होते. मग एप्रनच्या खिशातून फोन काढून तिने भाच्याला लावला. "हां, मीच. तो कागद फाडून टाक. फाड म्हणते ना! कुणी काही खोटंनाटं लिहिलेलं नाही. माझाच हात गेलाय... हो रे, खाणारीनेच सांगितलं, तोंडावर सांगितलं... नाही, रडत नाहीये. पाटी राहू दे तशीच."

मिरानने काडी पुन्हा उचलली, निदान वाढलेलं तरी संपवावं म्हणून. मावशीने फोन ठेवला आणि बशी तिच्यापुढून ओढून घेतली.

"खाऊ नकोस आता. ठेव."

बशी हातात घेऊन ती दोन पावलं गेली आणि थांबली. तशीच पाठमोरी उभी राहिली.

"खारट कळेना म्हणजे आंबलेलंही कळत नसणार मला," ती म्हणाली. थोड्या वेळाने ती वळली, तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दाउनचं पोट... इथलंच खाऊन बिघडलं का गं? तेच सांगायला आली होतीस तू. आणि मी तुला बोलूही दिलं नाही."

मिरान 'हो' म्हणाली नाही. 'नाही'ही म्हणाली नाही.

मावशीने बशी टेबलावर ठेवली. एप्रनची गाठ सोडली, तो काढून बाजूला ठेवला, केस दोन्ही हातांनी मागे सारले. मग पाय जुळवून, हात पोटाशी घेऊन ती वाकली, थोरामोठ्यांपुढे वाकावं तशी, कंबर धरलेली असूनही पार खालपर्यंत, आणि तशीच वाकून राहिली.

"माफ कर, पोरी. लेकरू होतं ते. मला खरंच कळलं नाही गं."

मिरान उठून उभी राहिली.

"असू दे, मावशी," ती म्हणाली.